हा दत्तात्रय तोच का?

'वडगावचे एक तिकीट द्या' असे एस. टी.च्या कंडक्टरला कोणी म्हटले, तर तो तिकिटाऐवजी प्रश्नच देईल. वडगाव कोणते? मावळातले, बुद्रुक, की खुर्द? बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि आमच्या गावांच्या नावांना असे चिकटले की आज ते परके आहेत हे सांगूनही कोणाला पटावयाचे नाही. नाशिक जिल्ह्यात नांदगाव आहे, तसे अमरावती जिल्ह्यातही आहे, म्हणून तिकडच्यांनी आपल्या गावापुढे खंडेश्वराचे नाव जोडून घेतले. पिंपळगावांची मोजदाद तर कोणी करूच नये. त्यांपैकी एक 'बसवंत' म्हणून ओळखले जाते एवढे सांगून मी आपली सुटका करून घेतो.

आपल्या वाडवडिलांनी येथे केले काय? एका शब्दाने गाव ओळखू येईना, तेव्हा दुसरा शब्द जोडला. तेवढ्यानेही भागेना तेव्हा तालुका सांगितला, जिल्हा सांगितला. यांतला एकेक शब्द सुटा घेतला तर संशयाला जागा आहे, पण सगळ्यांची मोळी बांधली की ती मोळी एकच. आज ज्या कचेरीत पाहावे तेथे संगणक बसला आहे, आणि त्याला रात्रंदिवस जी कामे करावी लागतात त्यांत हे एक मोठे काम आहे: निरनिराळ्या रकान्यांतील मजकूर मिळून जी जुळणी होते तिला एक क्रमांक द्यावयाचा, आणि तीच जुळणी पुन्हा जेथे जेथे येईल तेथे तेथे तोच क्रमांक पडला पाहिजे. ऐकावयास किती सोपे! मलाही ते सोपेच वाटले होते. माझ्या त्या वाटण्याचा भुर्दंड एका भल्या माणसाला पडला. ती हकीगत पुढे येईलच.

या कामाचा अगदी नेमका नमुना पाहावयाचा असेल तर तो तलाठ्याच्या दप्तरात सापडतो. सातबाराचा उतारा जमिनीचा, आणि गाव नमुना आठ-अ खातेदाराचा. एखाद्या शेतकऱ्याचे चार गटांत चार तुकडे असले आणि ते त्याच्या एकट्याच्या नावावर असले, तर ते सारे एकाच खाते क्रमांकाखाली येतात. पण त्याच शेतकऱ्याची भावाबरोबर सामाईक जमीन असेल तर तिचे खाते निराळे आणि क्रमांकही निराळा. म्हणजे हा क्रमांक माणसाचा नव्हे, माणसांच्या जुळणीचा आहे. आता एका उताऱ्यावर 'राम व लक्ष्मण' आणि दुसऱ्यावर 'लक्ष्मण व राम' असे लिहिले गेले, तर खाती किती? तलाठी हसून म्हणेल, एक. नुसती अक्षरे पडताळून पाहणारे यंत्र म्हणेल, दोन. त्या यंत्राला आधी बजावावे लागते की बाबा, जुळवाजुळव करण्यापूर्वी नावे वर्णानुक्रमाने लावून घे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात लेखनप्रमाद दुरुस्त करण्याकरिता १५५ वे कलम आहे. त्या कलमाखाली ज्याने कधी अर्ज केला असेल, त्याला एका चुकलेल्या नावापायी किती चपला झिजतात हे मी सांगावयास नको.

संगणकाच्या दुनियेत या विषयाला शास्त्राची बैठक मिळाली ती एडगर कॉड यांच्यामुळे. हे गृहस्थ जन्माने इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश वायुदलात वैमानिक होते, पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत गेले. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत यंत्रातली माहिती काढावयाची म्हणजे ती कोणत्या कप्प्यात, कोणत्या वाटेने ठेवली आहे हे ठाऊक असावे लागे. जुन्या वाड्यातली वस्तू काढावयास घरच्या म्हातारीलाच हाक मारावी, तसा तो प्रकार होता. कॉड यांचे म्हणणे असे की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. आडव्या ओळी, उभे रकाने. ओळ कोठे ठेवली आहे यावरून नव्हे, तर तिच्यात काय लिहिले आहे यावरून ती ओळखू आली पाहिजे. ज्या एका किंवा अनेक रकान्यांमुळे ओळ निःसंशय ओळखू येते, त्यांना नाव मिळाले 'की', म्हणजे किल्ली. पुढे १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा रचली. तीच आज एसक्यूएल या नावाने ओळखली जाते.

या भाषेत ओळींना नंबर घालण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि त्या समजण्यास शाळेचा निकाल पुरेसा आहे. दोन मुलांना सारखे मार्क पडले. एक मास्तर डोळे मिटून हजेरीच्या क्रमाने एकाला पहिला व दुसऱ्याला दुसरा करतात. ही 'रो नंबर' पद्धत. हिच्यात प्रत्येक ओळीला स्वतंत्र नंबर पडतो, म्हणून आपल्या कामाला ती निरुपयोगी. दुसरे मास्तर दोघांनाही पहिला नंबर देतात आणि पुढच्या मुलाला तिसरा. हिचे नाव 'रँक'. तिसरे मास्तर दोघांना पहिला देऊन पुढच्याला दुसरा देतात, मध्ये खाडा पडू देत नाहीत. ही 'डेन्स रँक'. तिसऱ्या मास्तरांची पद्धत आपल्याला हवी. मार्कांच्या जागी आडनाव, नाव, वडिलांचे नाव आणि गाव हे चार रकाने ठेवा. ज्या ज्या ओळींत हे चारही जुळतील त्यांना एकच नंबर, आणि जुळणी बदलली की पुढचा नंबर. सगळे मिळून दीड ओळीचे लिखाण.

आता ती हकीगत सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेत हिशेबनीस होतो. शेअरची चोपडी वेगळी, ठेवींची वेगळी, कर्जाची वेगळी, आणि प्रत्येकीत सभासदाला अनुक्रमांक वेगळा. एकच माणूस येथे ४१२ वा, तेथे ८७ वा. संगणक आला तेव्हा ठरले की यापुढे दर सभासदाला सर्वत्र एकच क्रमांक असावा. तीन मुली महिनाभर बसून चोपड्या टाइप करीत होत्या. सहा हजारांवर ओळी झाल्या. पुण्याहून एक तरुण इंजिनियर आला होता. त्याने मला विचारले, "काका, कोणकोणते रकाने सारखे असले म्हणजे माणूस एकच समजावयाचा?" मी क्षणाचाही विचार न करता वर लिहिलेले चार रकाने सांगितले. त्याने ती दीड ओळ लिहिली, कळ दाबली, आणि आम्ही चहाचा कप खाली ठेवावयाच्या आत चार हजारांवर सभासदांना नंबर पडले. त्या दिवशी अध्यक्षांनी पेढे वाटले.

आषाढात एक म्हातारे शेतकरी ठेव मोडावयास आले. त्यांचे नाव येथे दत्तोबा ठेवतो. बायकोचे ऑपरेशन ठरले होते, पैसे चार दिवसांत भरावयाचे होते. कारकुनाने नाव घातले आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली: थकबाकीदार. ठेव कर्जापोटी अडकलेली. म्हातारा गोंधळला.

"सायेब, मी उभ्या जन्मात कर्ज काढलं न्हाई. कुणाच्या नावचं बगताय?"

"तुमच्याच, दत्तोबा. हे पाहा ना, दत्तात्रय, वडिलांचे नाव रामचंद्र, गाव तेच. सही आठवत नसेल तुम्हांला."

आमच्या व्यवस्थापकांचे हे बोलणे मी शेजारच्या टेबलावरून ऐकत होतो आणि मान डोलावीत होतो. यंत्र खोटे कशाला बोलेल? दत्तोबा बराच वेळ बाकावर बसले आणि उठून गेले. घोळ उलगडावयास आम्हांला अकरा दिवस लागले, आणि तोही आम्ही नाही उलगडला. शिपाई सुटीवरून परत आला आणि पाण्याचा पेला ठेवता ठेवता म्हणाला, "अहो, ह्ये मळ्यातलं दत्तोबा. कर्ज गिरणीवाल्या दत्तूचं हाय." त्या गावात एकाच आडनावाचे, एकाच नावाचे आणि रामचंद्र नावाच्याच बापाचे दोन दत्तात्रय होते. दरम्यान मळ्यातल्या दत्तोबांनी सावकाराकडून पैसे उचलून ऑपरेशन करविले होते.

मी जुनी चोपडी काढून पाहिली. दत्तोबांच्या नावापुढे समासात पेन्सिलीने 'मळा' असे लिहिलेले होते. कोणा जुन्या हिशेबनिसाने आपल्या सोयीसाठी केलेली ती खूण. टाइप करणाऱ्या मुलींनी ती घेतली नव्हती, आणि त्यांचा दोष नव्हता. संगणकाच्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता. तक्ता मी आखला होता.

हा झाला दोघांचा एक करण्याचा प्रकार. एकाचे दोन करण्याचा प्रकार याहून पुष्कळ अधिक घडतो, फक्त त्याचा बभ्रा होत नाही. आमच्याकडे मुलीचे लग्न झाले की तिचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, गाव बदलते, आणि कित्येक घरांत पहिले नावही बदलत असे. म्हणजे चारही रकाने नवे! माहेरी असताना बापाने तिच्या नावे घेतलेला शेअर एका क्रमांकावर आणि सासरी आल्यावर तिने उघडलेले खाते दुसऱ्यावर. यंत्राच्या लेखी या दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पहिल्या नावावरचा लाभांश वर्षानुवर्षे कोणी न्यावयास येत नाही, आणि तो कोणाचा हे कोणाला कळत नाही. आमच्या यादीत अशा किती जणी निघाल्या ते मोजावयास आम्हांला पुढे एक दिवाळी ते दुसरी दिवाळी लागली. घरोघर विचारीत जावे लागले, दुसरा उपाय नव्हता.

अक्षरांची तऱ्हा आणखी निराळी. कोणी 'कराड' लिहितो, कोणी 'कऱ्हाड' लिहितो. गाव एक, जुळण्या दोन. एवढे तरी डोळ्यांना दिसते. पण 'कऱ्हाड' मधला तो अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या कळांच्या जोडण्यांनी उमटविता येतो. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, आणि यंत्राच्या पोटात मात्र त्यांचे सांकेतिक आकडे वेगळे. तुम्ही भिंग लावून पाहा, फरक सापडणार नाही. यंत्राला दुसरे काही दिसतच नाही. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही असाच दगा देते. म्हणून शहाणी माणसे नंबर घालण्यापूर्वी मजकूर एका वळणावर आणून घेतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यासाठी कोणी पेढे वाटीत नाही.

आणि रकाना रिकामाच असेल तर? जुन्या चोपड्यांत वडिलांचे नाव कित्येकदा लिहिलेलेच नसे. एसक्यूएलमध्ये या रिकामपणाला 'नल' म्हणतात. त्याचा अर्थ शून्य नव्हे, तर 'ठाऊक नाही' असा आहे. आता गंमत पाहा. दोन नल सारखे आहेत काय, असे सरळ विचारले तर यंत्र हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ठाऊक नाही म्हणते. हे तर्काला धरून आहे. पण त्याच यंत्राला ओळींचे गट पाडावयास सांगा, की ते सगळ्या नलांना एकाच टोपलीत घालते. एकाच घरात दोन न्याय! बापाचे नाव ठाऊक नसलेले एकाच गावचे, एकाच नावाचे पाच जण असतील तर त्या पाचांचा एक माणूस होतो. या विषयात मला जर कोठे खरी भीती वाटत असेल, तर ती येथे.

काही मंडळी निराळी वाट धरतात. रकान्यांतला मजकूर एकापुढे एक चिकटवून त्याचाच क्रमांक करतात. त्यांच्यासाठी एक कोडे: सर्व्हे नंबर १, हिस्सा १२ आणि सर्व्हे नंबर ११, हिस्सा २, हे दोन्ही चिकटवून लिहा. दोन्हींचे ११२ होतात. दोन शेते एका आकड्यात गेली! मध्ये एक तिरकी रेघ ठेवली असती तर हे टळले असते. आपल्या महसूल खात्याने ती पहिल्यापासून ठेवली आहे.

याच मजकुरावर गणिती प्रक्रिया करून ठरावीक लांबीचा एक ठसा काढण्याचीही पद्धत आहे. तिला हॅश म्हणतात. ठसा काढावयास कोणाला विचारावे लागत नाही, आणि तोच मजकूर मुंबईत घाला की नागपुरात, ठसा तोच येतो, ही तिची मोठी सोय. पण तोकडा ठसा दगा देतो. केवळ तेवीस माणसे एका खोलीत जमली, तर त्यांपैकी कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. हे गणित प्रसिद्ध आहे. तोच हिशेब ठशांना लागू. बत्तीस बिटांच्या ठशात ४२९ कोटींवर आकडे मावतात, पण अवघ्या ७७ हजारांच्या आसपास जुळण्या झाल्या की कोठे तरी दोन वेगळ्या जुळण्यांचा ठसा एक होण्याचा संभव निम्म्यावर जातो. म्हणून ठसा घ्यावयाचाच तर तो पुष्कळ लांब घ्यावा.

आमच्या संस्थेत मात्र दुसरी फजिती आधीच वाट पाहत होती. दत्तोबांचे प्रकरण मिटवून आम्ही 'ओळख' असा पाचवा रकाना घातला, पुन्हा तीच कळ दाबली आणि पासबुकांवर क्रमांक छापून दिले. वर्षाअखेर नवे सभासद आले, त्यांत एकाचे आडनाव अ वरून सुरू होणारे. यादी पुन्हा काढली तो काय, त्याच्यापुढच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने सरकलेला! पासबुकावर १७०४ आणि पडद्यावर १७०५. डेन्स रँक मोजते, लक्षात ठेवीत नाही. दर वेळी ती पहिल्यापासून मोजावयास लागते. रांगेत मध्ये कोणी घुसला की मागच्या सर्वांचा नंबर बदलावयाचाच.

त्या इंजिनियर मुलाने तेव्हा जे करून दिले ते खरे तर पूर्वीपासून जन्ममृत्यूच्या नोंदवहीत चालत आले आहे. जुळण्यांचा एक वेगळा तक्ता केला. जुळणी आली की आधी त्या तक्त्यात पाहावयाचे; असली तर तिथला क्रमांक घ्यावयाचा, नसली तर शेवटच्या क्रमांकाच्या पुढचा देऊन नोंद करावयाची. दिलेला क्रमांक बदलावयाचा नाही, आणि सभासद वारला म्हणून त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यावयाचा नाही. क्रमांकावरून आता वर्णानुक्रम कळत नाही. न कळो.

क्रमांकाला अर्थ असावा की नसावा, यावर मात्र जाणत्यांत दोन पक्ष आहेत, आणि दोहोंचे नमुने आपल्या खिशात असतात. पहिला पिनकोड. सारखी गावनावे, चुकीचे पत्ते आणि देशातल्या नाना लिप्या यांमुळे टपालाचा होणारा घोटाळा आवरावा म्हणून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणचे, शिवाय संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारे. सहाही आकडे बोलके आहेत: पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. महाराष्ट्र व गोवा चाराच्या विभागात येतात. तुम्ही कराड लिहा की कऱ्हाड लिहा, खाली ४१५११० असले की पत्र पोहोचते.

दुसरा पक्ष आधारचा. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा आकड्यांवरून ना गाव कळते, ना जात, ना वय. ते मुद्दाम मुके ठेवले आहेत, कारण गाव बदलते, नाव बदलते, आणि बोलका क्रमांक अशा वेळी खोटा ठरतो. तेथे जुळणी धरली आहे ती नावगावाची नव्हे, तर दहा बोटांच्या ठशांची आणि दोन डोळ्यांच्या बुबुळांची. शेवटचा आकडा तेवढा पहारेकरी आहे. वेरहूफ या डच गणितज्ञाच्या रीतीने तो आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, म्हणून लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर लगेच कळते. माझे मत विचाराल तर माणसांना मुका क्रमांक बरा आणि जागांना बोलका. पण कष्टकऱ्याची बोटे कामाने झिजतात आणि मग ठसा उमटत नाही, हेही मी रेशनच्या दुकानापुढे उभा राहून पाहिले आहे.

दत्तोबांना सावकाराला द्यावे लागलेले व्याज संस्थेने भरून दिले. संचालक मंडळाच्या ठरावात कारण म्हणून 'संगणकातील तांत्रिक दोषामुळे' असे शब्द आहेत. ते माझ्या हातचे. दत्तोबांनी पैसे मोजून घेतले, चहा घेतला, आणि जाताना कारकुनाला म्हणाले, "आता मला नाव इचारू नगा, आकडा इचारा."

मी निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे लोटली. जुन्या चोपड्या अजून कपाटात आहेत. गेल्या खेपेस गेलो तेव्हा सहज ते पान उघडून पाहिले. पेन्सिलीचा 'मळा' पुसट होऊन गेला होता, म्हणून शिपायाने तो निळ्या शाईने गिरवून ठेवला आहे.